दातातली कांडी

भटू आबाच्या घरात 'नाही' म्हणायची पद्धतच नव्हती. आबा म्हणाला उठा की उठायचं, आबा म्हणाला जेवा की जेवायचं. दोन्ही मुलगे, दोन्ही सुना, शेजारीपाजारी, खात्यातले जोडीदार, सगळे त्याच्यापुढे माना डोलवायचे. आणि अशा घरातली धाकटी सून गायत्री एका संध्याकाळी भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाली, "ललितच्या तोंडात कांडी जाणार नाही."

आबाच्या हातातला घास हातातच राहिला.

"काय वं? काय म्हनी ऱ्हायनी तू?"

"ललितच्या तोंडात कांडी जाणार नाही, आबा. बाकी तुम्ही म्हणाल तसं सगळं करू."

ललित म्हणजे गायत्रीचा तान्हा मुलगा. आता ही कांडीची काय भानगड, ते आधी सांगायला हवं. सुरतेत लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, घाम गाळणाऱ्याला ते विचारावं लागत नाही, पण सगळेच काही तिथे जन्माला आलेले नसतात. कांडी म्हणजे वीतभर लांबीची गुळगुळीत लाकडी दांडी. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला करंगळीसारखी निमुळती. तिच्यावर बाण्याचं, म्हणजे आडव्या विणीचं, सूत गुंडाळलेलं असतं. ती धोट्यात बसवायची, धोटा इकडून तिकडे धावू लागला की कापड विणलं जातं. सूत संपलं की लूम थांबवायचं, रिकामी कांडी काढायची, भरलेली घालायची. अशा वेळी कारागिराच्या एका हातात धोटा, दुसऱ्या हातात धागा. मग भरलेली कांडी धरायची कुठं? दातात! खात्यात जाऊन बघा, बापे लोक दातात कांडी धरून उभे असतात आणि लूमच्या खडखडाटात एकमेकांशी नुसत्या भुवयांनी बोलतात.

भटू आबा पारोळ्याकडच्या एका खेड्यातून सुरतेला आला तेव्हा त्याच्या अंगावर एक सदरा होता. लूमनं त्याला डिंडोलीत खोली दिली, पोरांची लग्नं लावून दिली, गल्लीत मान दिला. त्यामुळे त्याला कांडीचं फार. इतकं की थोरल्या रघुनाथला वरचे दात आले तेव्हा आबानं हौसेनं त्याच्या दातात रिकामी कांडी धरवली, चार पावलं चालवलं आणि गल्लीला जेवण घातलं. मग धाकट्या गजेंद्रला, गायत्रीच्या नवऱ्याला, धरवली. मग गल्लीतल्या बाकीच्यांनी तेच सुरू केलं. हा रिवाज पारोळ्याचाही नाही आणि सुरतेचाही नाही. आबाच्या डोक्यातून निघालेला, पण वीस-पंचवीस वर्षांत असा रुजला की जणू बारशाइतका जुना. पोराच्या वरच्या हिरडीत दोन पांढरे ठिपके दिसले की आजा कांडीला हळदकुंकू लावून ती पोराच्या दातात देणार, लोक टाळ्या पिटणार, आणि मग पोर मोठं होईपर्यंत ती कांडी त्याची. करदोड्याला बांधलेली. दिवसभर ते ती चोखत, चावत, तोंडात आडवीतिडवी धरून गल्लीभर दुडदुडणार, आणि येणारेजाणारे म्हणणार, "बघा, बापाचा पोरगा! आत्तापासून लूम चालवतोय."

गायत्रीची थोरली, योगिता, तिच्या वेळीही असंच म्हणाले होते. मुलगी आहे म्हणून आबानं हात आखडता घेतला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. पहिली नात, तिलाही कांडी धरवली, तिच्यासाठीही जेवण घातलं. गायत्री तेव्हा वीस वर्षांची होती. तीही टाळ्या वाजवून हसली होती.

दोन वर्षांची योगिता एका संध्याकाळी ओटल्यावर, दारापुढच्या ओट्यावर, उभी होती. तोंडात कांडी. गल्लीच्या टोकाला बाप दिसला. झालं, पोरीला पंखच फुटले! पळत सुटली, ओटल्याच्या कडेवरून पाय घसरला आणि तोंडावर आपटली. तिच्या तोंडात काही नसतं तर गुडघे फुटले असते, हनुवटी खरचटली असती, गुळाचा खडा देऊन रडणं थांबलं असतं. पण तोंडात कांडी होती. निमुळतं टोक टाळूत घुसलं आणि दांडीच्या दणक्यानं समोरचा वरचा दात हिरडीत वर गेला. गजेंद्रनं उचललं तेव्हा पोरीचं झबलं लाल झालं होतं आणि तिच्या घशातून रडण्याचा आवाजही धड येत नव्हता.

सरकारी दवाखान्यात टाळूला टाके घातले. तिथल्या डॉक्टरीणबाईनं विचारलं, तोंडात काय होतं? गजेंद्र म्हणाला, चमचा. कांडी म्हणायची त्याला लाज वाटली. डॉक्टरीणबाई गायत्रीकडे बघून म्हणाली, "बाई, टोक अजून थोडं मागे गेलं असतं तर मी काही करू शकले नसते. पोर पडणारच. पोरं पडतात. पण चालता-पळताना त्याच्या तोंडात काही असता कामा नये. चमचा नको, ब्रश नको, पिपाणी नको, पेन्सिल नको. खायचं तर बसून, दात घासायचे तर बसून." आणि निघताना असंही म्हणाली की हिरडीत गेलेला दात दुधाचा असला तरी त्याच्या मुळाशी पक्का दात तयार होत असतो, त्यालाही धक्का पोचलेला असू शकतो.

घरी आल्यावर सासूबाई प्रमिलाबाईंनी पोरीची दृष्ट काढली. आबा म्हणाला, "दुधना दात शेतस. पडनारच होते. नवा येई." आणि विषय संपला. लोकांचा संपला. गायत्रीचा नाही.

मध्ये प्लेगची साथ आली, अर्धी गल्ली गावाकडे पळाली, परत आली. त्याच्या पुढच्या साली ललित जन्मला. योगिता शाळेत जाऊ लागली. तिच्या समोरच्या हिरडीतली जागा बरेच दिवस रिकामी होती, आणि गायत्री रोज सकाळी तिचं तोंड उघडून बघायची. मग एकदाचा नवा दात आला. वाकडा आला आणि त्याच्यावर तपकिरी डाग घेऊन आला, गंजल्यासारखा. घासून घासून जाईना. वर्गातली पोरं तिला 'काटवाळी' म्हणू लागली, म्हणजे गंजलेली. कविता म्हणायला उभं केलं की पोरगी तोंडावर पंजा धरायची. हसतानाही पंजा. पुढे पुढे हसणंच कमी झालं.  एरवी ही पोर घरभर चिवचिवाट करायची हो! आणि आता पाहुणे आले की कपाटाच्या आड जाऊन उभी राहायची.

नेमक्या त्याच दिवसांत ललितच्या वरच्या हिरडीत दोन पांढरे ठिपके दिसले. आबानं सुट्टीचा दिवस ठरवला. आणि गायत्रीनं भाकरी थापता थापता ते वाक्य उच्चारलं.

"एक पोरगी पडली," आबा म्हणाला, "म्हणून कांडी वाईट? गल्लीत इतकी पोरं वाढली. रघुनाथ वाढला. हा तुझा नवरा वाढला. ती पोरगीच धांदरट."

"आबा, तिला धांदरट म्हणू नका. दोन वर्षांचं पोर धांदरटच असतं. पडणं आपल्याला थांबवता येत नाही. तोंडातली कांडी थांबवता येते."

"कांडीनं पोट भरलं या घराचं!"

"भरलं. मी कुठं नाही म्हणते? हातात द्या त्याच्या. मांडीवर घेऊन कपाळाला लावा. देव्हाऱ्यात ठेवा, मी रोज फूल वाहीन. दातात नाही."

"दातात म्हंजे दातात! मना घरमा मना रिवाज शे."

आबा ताट सरकवून उठला. प्रमिलाबाई सुनेच्या कानाशी लागल्या, "अगं माय, पाच मिनिटांचा खेळ. होऊ दे. मग काढून घे की कांडी, कोण बघतंय?"

"आई, पाच मिनिटांत पोर शिकतं. एकदा शंभर माणसांनी टाळ्या वाजवल्या की ते आयुष्यभर तोंडात काठ्या घालत फिरेल."

गजेंद्र तेवढा मूग गिळून बसला होता. चांगला माणूस, बायकोवर हात उचलणारा नाही, दारू पिणारा नाही, पण बापासमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची. गायत्रीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि भाकरी तव्यावर टाकली. अशा वेळी बाईला काय वाटतं ते बाईलाच ठाऊक. राग आला तिला. वैऱ्याचा येत नाही इतका राग आपल्या माणसाचा येतो.

पण गायत्री नुसती रागावून बसणारी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिनं घरात आपला कारभार सुरू केला. पत्र्याच्या पेटीचे कोपरे चिंध्यांनी गुंडाळले. दाराशी ठेवलेला पाटा आत सरकवला, कारण ललित भिंत धरून चालू लागला होता. ओटल्याच्या कडेला जुनी फळी आडवी बांधली. ललितला खायला घालायचं ते भिंतीशी बसवून. उठला की घास बंद. योगितानं ब्रश तोंडात घेऊन गल्लीत भटकायचं नाही, मोरीत पाटावर बसून घासायचे. आणि सगळ्यांत मोठा दणका बसला तो गजेंद्रला. तो रोज सकाळी तोंडात कडुनिंबाचं दातण घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत फेरी मारायचा, जाता जाता चार जणांशी बोलायचा. गायत्रीनं त्याच्यासमोर पाट टाकला.

"बसा."

"मला पण?"

"तुम्हालाच आधी. पोर तुमचं बघून शिकतं. ते काय डॉक्टरचं बघून शिकणार आहे?"

बिचारा बसला पाटावर. समोरच्या पुष्पाबाईंनी हे पाहिलं आणि गल्लीत पसरायला किती वेळ लागतो? पुष्पाबाईंचा नातू तेव्हा करदोड्याला कांडी बांधून हिंडत होता, त्यामुळे त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. त्या मुद्दाम नळावर मोठ्यानं म्हणायच्या, "बायांनो, चला, वाट द्या. आपल्या डॉक्टरीणबाई आल्या पाण्याला!" बायका फिदीफिदी हसायच्या.

"हसा," गायत्री हंडा कमरेवर घेत म्हणायची. "तुमचे दात नीट आहेत, तुम्हाला हसायला काय झालं? माझी पोर तोंड झाकून हसते."

मग बायका आपापले हंडे नळाखाली सरकवायच्या.

सुट्टीचा दिवस उजाडला. आबानं कुणाला विचारलं नाही, गल्लीला जेवणाचं सांगून टाकलं होतं. त्याला खात्री होती की एवढ्या माणसांसमोर सून तोंडातून ब्र काढणार नाही. ओटल्यासमोर विटांची चूल मांडली, तिच्यावर मोठं खापर पालथं घातलं. खानदेशी घरात आनंद असला की खापरावरचे मांडेच पाहिजेत, आणि मांडे करावेत ते गायत्रीनंच. पुरणाचा उंडा हातावर घेऊन ती दोन्ही हातांनी असा झुलवायची की मांडा कोपरापर्यंत पसरायचा आणि तरी फाटायचा नाही. सगळी गल्ली तिच्या हातच्या मांड्यांसाठी जीव टाकायची. त्या दिवशीही ती चुलीपाशी बसली, पदर खोचून, घामानं निथळत, आणि एकामागून एक मांडे उतरवत राहिली. बायकांना वाटलं, चला, वाकली एकदाची.

रघुनाथ सुरतेतच भेस्तानला वेगळा राहायचा, तो बायकोपोरांना घेऊन आला होता. खात्यातली माणसं आली. आबानं धोतर नेसलं, टोपी घातली, ललितला मांडीवर घेतलं. प्रमिलाबाईंनी ताट आणलं. ताटात हळदकुंकू, सुपारी, आणि आबाची स्वतःची कांडी, त्याच्या पहिल्या खात्यातली. इतक्या वर्षांच्या हाताळणीनं काळपट आणि चकचकीत झालेली. तीच रघुनाथच्या दातात दिली होती, तीच गजेंद्रच्या, आणि तीच योगिताच्या. योगिताला दिलेली कांडी रक्तानं भरली होती, ती धुऊन पुसून परत ठेवली होती. हे गायत्रीला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. तिनं ती कांडी पाहिली आणि ओळखली. निमुळत्या टोकाजवळ एक टवका उडाला होता. तिच्या पोरीच्या दातानं उडवलेला.

हातातला उंडा तिनं परातीत ठेवला. उठली. आबाच्या समोर गेली. आबानं कांडी हातात घेतली होती, ललित आ करून तिच्याकडे झेपावत होता, लोक टाळ्या वाजवायला हात वर करून थांबले होते. गायत्रीनं आबाच्या हातातून कांडी काढून घेतली. हिसकावली नाही. काढून घेतली. वळली, चुलीपाशी आली आणि खापराखालच्या जाळात टाकली.

 तेल मुरलेलं जुनं लाकूड ते, भक्कन पेटलं.

"गजेंद्र!" आबाच्या तोंडून आवाज फुटला. "काढ ती! काढ बाहेर!"

गजेंद्र उठला. चिमटा घेऊन चुलीकडे आला. गायत्री बाजूला झाली नाही. नवराबायको समोरासमोर उभे, मध्ये जाळ. तिला वाटलं, आता हा वाकणार. वाकला तर वाकू दे, मी दुसऱ्यांदा टाकीन. तिसऱ्यांदा टाकीन.

"पप्पा, काढू नका."

योगिता होती ती. एवढ्या माणसांत कपाटाआड लपणारी पोरगी अगदी पुढे येऊन उभी राहिली होती, आणि तिचा हात तोंडावर नव्हता. "काढू नका ना पप्पा. बाळाला पण लागेल." बोलताना तो वाकडा, तपकिरी दात सगळ्यांना दिसला. आबाला दिसला, रघुनाथला दिसला, पुष्पाबाईंना दिसला. गजेंद्रनं पोरीकडे पाहिलं, मग बापाकडे. आणि चिमटा खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बापाचं ऐकलं नाही.

"मी आता या घरचं पाणी पिणार नाही," आबा म्हणाला. ललितला त्यानं प्रमिलाबाईंच्या हातात दिलं, टोपी नीट केली आणि रघुनाथला म्हणाला, "चाल." गेला भेस्तानला. मांडे तसेच राहिले. पाहुणे घोटाळले, कुणी जेवले, कुणी न जेवता गेले. गायत्री चुलीपाशी परत बसली आणि उरलेल्या पुरणाचे मांडे तिनं करून टाकले. दोन फाटले. पण केले.

मग सुरू झालं बोलणं. प्रमिलाबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, म्हाताऱ्याला घराबाहेर काढलंस. गल्ली म्हणाली, अशी सून नको रे बाबा. पुष्पाबाई म्हणाल्या, हिनं घराण्याचा मान चुलीत घातला. गजेंद्र दर सुट्टीला भेस्तानला जायचा आणि तोंड पाडून परत यायचा. एकदा आला आणि म्हणाला, "आबा म्हणतो, तू येऊन पाया पड, तो परत येईल."

"पडेन की. मोठ्या माणसाच्या पाया पडायला मला लाज नाही."

गजेंद्रचा चेहरा उजळला.

"पण कांडी जाळली म्हणून माफी मागणार नाही. नुसत्या पाया पडेन. तेवढं चालत असेल तर आत्ता चला, मी लुगडं बदलते."

गजेंद्रनं चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. तेवढं चालणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हातारा हट्टी आणि सून त्याच्याहून हट्टी. गायत्रीला त्याची आठवण यायची नाही असं नव्हतं हां. संध्याकाळी ओटल्यावर त्याची जागा रिकामी दिसली की तिला चुकल्यासारखं व्हायचं. ललितला खांद्यावर घेऊन गल्लीभर मिरवणारा तोच होता. पण आठवण येते म्हणून पोराचं तोंड पणाला लावायचं? छे! तिनं एकदाही माणूस पाठवला नाही.

ललित हात सोडून चालायला लागला. वर चार दात, खाली चार दात, पांढरेशुभ्र. आणि गजेंद्र काही ते बापाला सांगितल्याशिवाय राहिला नसणार. कारण एका दुपारी, पुरुषमाणसं खात्यात गेलेली असताना, गल्लीच्या तोंडाशी पांढरी टोपी दिसली. भटू आबा. हातात पिशवी, कपाळाला आठ्या. घरात पाऊल टाकलं नाही त्यानं. पाणी न पिण्याची शपथ होती ना! ओटल्यापासून जरा दूर, गल्लीतच उकिडवा बसला.

ललित दारात उभा होता. गायत्रीनं त्या दिवशी फळी सोडून ठेवली होती, ओटला धुवायला. तिच्या हातात केरसुणी होती आणि पाण्यानं भरलेली बादली समोर होती.

"ये," आबा नातवाला म्हणाला. "ये मना वाघ."

आणि त्यानं पिशवीतून कांडी काढली. नवी कोरी. भेस्तानच्या खात्यातली. ती त्यानं दोन बोटांत धरून पुढे केली आणि डोळे मात्र सुनेवर रोखले. बघू, आता काय करतेस!

गायत्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. "आबा, ती पिशवीत ठेवा."

"मी घरात नाही आलेलो. गल्ली सगळ्यांची आहे."

"पोर माझं आहे."

ललितला त्यांच्या भांडणाशी काय करायचं होतं? त्याला आजा दिसला. कितीतरी दिवसांनी दिसला. तो किंचाळला आणि दोन्ही हात पुढे करून धावत सुटला. ओला ओटला. पाय सटकला. गायत्रीच्या हातातली केरसुणी सुटेपर्यंत पोर कडेवरून खाली, आडवंतिडवं, थेट तोंडावर. आबाच्या पायाशी, त्या पुढे केलेल्या कांडीपासून हातभर अंतरावर.

जी किंकाळी फुटली ती ललितची नव्हती. म्हाताऱ्याची होती. "माय वं!" त्यानं कांडी टाकली. ती गडगडत गटाराकडे गेली, तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. पोराला उचललं, छातीशी धरलं, परत दूर धरलं, टोपी पडली. ललित आता भोकाड पसरून रडत होता. हनुवटीला माती, नाकाला माती, तळहात खरचटलेले. पडताना दोन्ही तळवे त्यानं जमिनीवर टेकवले होते.

"तोंड... याचं तोंड बघ! गायत्री, बघ गं याचं तोंड!"

 गायत्रीला धावावंसं वाटत होतं. पण पोराचं रडणं तिनं ऐकलं, मोकळं, घसा फाडून केलेलं, आणि तिला कळलं. असं रडणं योगिता पडली तेव्हा तिला ऐकू आलं नव्हतं. ती ओटल्याच्या कडेशी येऊन उभी राहिली, ओले हात पदराला पुसले.

"तुम्हीच बघा आबा. उघडा आणि बघा. रिकाम्या तोंडानं पडलाय."

म्हाताऱ्यानं बोट नातवाच्या तोंडात घातलं. टाळू चाचपली. वरचे दात चाचपले, खालचे चाचपले, पुन्हा वरचे. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो चाचपतच होता. रडून रडून चिडलेल्या ललितनं एकदम जबडा मिटला. आठही दात म्हाताऱ्याच्या बोटात रुतले.

"ओय! ओय ओय! अरे सोड! सोड ना रे, मरी गऊ!"

समोरून पुष्पाबाई धावत आल्या, काय झालं काय झालं म्हणत. प्रमिलाबाई दारात आल्या. आबा कळवळत होता, पण बोट ओढून काढत नव्हता, आणि दुसऱ्या हातानं पोराला घट्ट धरून होता.

"चाव रे बाळा," गायत्री म्हणाली. "चांगला चाव."